पुलातून पडणारा हत्ती

आमच्या गल्लीत लिडियाला सगळे पगारी खेळाडू म्हणायचे. ती खोबरेल आणायला गेली तरी बन्सी दुकानदार विचारायचा, "काय ताई, आज जिंकल्या का हरल्या?" ती म्हणायची, "आज नुसतं भिंतीवर डोकं आपटलं." बन्सीला वाटायचं पोरगी थट्टा करते. ती खरं तेच सांगत असायची.

लिडिया माझी पुतणी. आमचे हे, जॉन, इथं संगमनेरला दूध संघात आहेत. यांचे थोरले बंधू यशयाभाऊ पुणतांब्याला राहतात, लिडिया त्यांची एकुलती. जाऊबाई गेल्या तेव्हा ती शाळेत होती. पुढं कॉम्प्युटरचं बी.एस्सी. केलं आणि संगमनेरात नोकरी लागली तशी आमच्याकडं राहायला आली. माझे दोन्ही मुलगे बाहेरगावी, त्यामुळं घरात मुलगी आली याचंच मला अप्रूप. नोकरी काय आहे ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

मोबाईलवरचे, कॉम्प्युटरवरचे खेळ बाजारात यायच्या आधी त्यात कुठं काय चुकतंय ते हुडकायचं, हे तिचं काम. चुकीला ते बग म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण खेळायचं म्हणजे काय, तर खेळातल्या माणसाला एकेका भिंतीवर नेऊन धडकवायचं आणि तो आरपार जातो का ते पाहायचं. मग दारावर, मग झाडावर, मग विहिरीच्या कठड्यावर. एक गाव संपलं की दुसरं. पुण्याच्या लोकांनी खेळात काही फेरफार केला की पुन्हा पहिल्या गावाच्या पहिल्या भिंतीपासून. चांगल्या घरची शिकलेली पोरं सकाळपासून खोट्या माणसाला खोट्या भिंतीवर आपटत बसलेली, आणि आमचे लोक म्हणणार, मजा आहे बुवा.

जागा म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वरचा हॉल. खेळ बनवणारी कंपनी पुण्याची, तिनं हे काम एका ठेकेदाराला दिलेलं, आणि ठेकेदारानं संगमनेर धरलं, कारण इथली पोरं कमी पगारात राबतात. हे माझं म्हणणं नाही. तिथले मॅनेजर रविराज सर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलले, "तुमच्या जागी बसायला कॉलेजच्या गेटवर रांग आहे."

खिडक्यांना काळा कागद. मोबाईल आत जाताना काढून कपाटात. आणि जागेवरून उठायचं तर का उठलो ते टाईप करायचं. राजनंदिनी म्हणून लिडियाच्या शेजारी बसणारी मुलगी, पाहुणचार घ्यायला लाजणारी, इतकी शांत. एकदा तिचे महिन्याचे दिवस होते, पोटात दुखत होतं, म्हणून ती दोनतीनदा उठली. तर या रविराजनं तिनं टाईप केलेलं भर हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही घरीच टेस्टिंग करा." काही पोरं हसली. राजनंदिनी दुसऱ्या दिवशी डबा न आणता आली, पाणीसुद्धा प्यायली नाही, उठावं लागू नये म्हणून. लिडियानं मला हे भाकरी थापताना सांगितलं, आणि माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. मी म्हटलं, "त्याला बहीण नाही का?"

"आहे की. तिच्या लग्नाचे फोटो टेबलावर लावलेत," लिडिया म्हणाली.

मला आणखी एका गोष्टीचा राग होता, आणि तो मी लपवत नाही. त्यांनी माझ्या पोरीचे रविवार नेले. खेळ बाजारात आणायच्या दिवसाला ते रिलीज म्हणतात. रिलीज जवळ आली की सुट्टी बंद. मी चर्चमध्ये उपासनेला निघायचे आणि ती हॉलवर निघायची. दाराशी चपला घालताना म्हणायची, "काकू, माझ्या वाटचं पण गाणं म्हणा." मी म्हणायचे, पण बाकावर शेजारची जागा मोकळी असली की सूर लागत नाही.

आता यशयाभाऊंचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. उसाची गाडी काट्यावर चढली की जे दिसेल तेच बोलायचे. गाडीवाले म्हणायचे, यशयाभाऊनं सांगितलं म्हणजे पुन्हा बघायला नको. हीच सवय त्यांनी प्रार्थनेतही ठेवली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाच्या आधी प्रार्थना-विनंत्या घेतात. ज्याला काही मागायचं असेल तो उभा राहून सांगतो आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. बाकीचे म्हणतात, आजारी आहे, आठवण करा. यशयाभाऊ म्हणणार, "सूर्यभानच्या डाव्या गुडघ्यासाठी, उजवा बरा हाय." पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, एकदा म्हणाले, "यशयाभाऊ, देवाला डावा-उजवा कळतो." तर हे म्हणाले, "देवाला कळतंय व्हो. आपुन काय मागतोय ते आपल्याला तरी कळाया पायजे."

गेल्या वर्षी कापणीच्या सणाला आम्ही सगळे पुणतांब्याला जमलो. या सणाला आपापल्या शेतातलं पहिलं देवापुढं आणतात, कणसं, भोपळे, कोंबडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिडियाला शनिवारची संध्याकाळ तेवढी मिळाली, रविवारी सकाळच्या गाडीनं तिला परत कामावर जायचं होतं. जेवायला बसली तर घास हातात धरून नुसती बसून राहिली. डोळे लाल.

यशयाभाऊ म्हणाले, "पोरी, काय झालंय ते नीट सांग. मला खेळातलं कळत न्हाई, पर तू सांग."

कंपनीशी गुप्ततेचा करार असतो, आतलं बाहेर बोलायचं नाही. खेळातलं लिडिया आजवर कधी काही बोलली नव्हती. खेळाचं नाव तिनं त्या दिवशीही सांगितलं नाही, आणि मला पुढं कळलं तरी मीही इथं लिहीत नाही. पण बाप विचारतोय, समोर ताट आहे, दीड-दोन महिन्यांचा शीण साठलेला. ती बोलली. त्या खेळात एक हत्ती आहे. पाठीवर ओझं घेऊन त्यानं नदीवरचा पूल ओलांडायचा. खेळात पाऊस लागला आणि हत्ती पुलावर मध्येच वळला, की तो पुलातून खाली जातो. पूल मोडत नाही, तसाच असतो. हत्ती त्यातून आरपार खाली जातो आणि पडतच राहतो. दिसेनासा होतो, पण ओरडणं ऐकू येत राहतं.

"मग सांगितलं का न्हाई त्यांना?"

"सांगितलं, पप्पा. उत्तर आलं, आमच्याकडे असं होत नाही. परत सांगितलं. मग रविराज सर म्हणाले, तुला हत्तीचं वेड लागलंय, बंद कर तो बग. रिलीज जवळ आली की चूक सांगणारा वैरी होतो. आता पूल तसाच जाणार, आणि बाजारात गेल्यावर विचारतील, हा पूल कोणी तपासला? तर मी."

यशयाभाऊंनी भातावर वरण वाढून घेतलं. मला वाटलं, त्यांना काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिडिया गेली. उपासना सुरू झाली. विनंत्यांची वेळ आली तसे यशयाभाऊ उभे राहिले आणि काट्यावर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "माझ्या लिडियाच्या कामासाठी. तिच्या खेळात एक हत्ती हाय. पाऊस लागला आन् तो वळला की पुलातून खाली पडतो. साहेब लोक मान्य करीना. तो पूल बळकट व्हावा आन् साहेबाचे डोळे उघडावे, एवढंच मागणं."

मागं तरुण पोरं खुदखुदली. पाळकसाहेबांनीही ओठ दाबले. पण प्रार्थना केली, हत्ती आणि पूल दोन्ही घेऊन केली. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आमच्या चर्चची उपासना करोनाच्या काळापासून मोबाईलवरून थेट दाखवतात. स्टँडवर मोबाईल लावलेला असतो आणि आता कोणाच्या लक्षातही राहत नाही की तो चालू आहे. कोण्या पोरानं यशयाभाऊंचा तेवढाच तुकडा कापला, त्याला खाली हत्तीचं चित्र लावलं आणि पुढं पाठवला. त्यात वाईट हेतू नव्हता, आजोबा गोड बोलतात म्हणून. पण दोन दिवसांत तो कुठल्या कुठं गेला. खेळ खेळणारी पोरं पुण्यात, मुंबईत, कुठं कुठं. त्या खेळाच्या जाहिरातीत हत्ती आणि पूल आधीच दाखवलेला. त्यांनी बरोबर ओळखलं.

मंगळवारी लिडिया घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली.

"काकू, पप्पांनी चर्चमध्ये हत्तीसाठी प्रार्थना केली?"

मी म्हटलं, "केली. अगदी तपशिलानं."

ती पाटावर बसली आणि आधी हसली. मग हसता हसता तोंडावर ओढणी धरून रडली. यांनी टीव्ही बंद केला.

रविराजनं तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं होतं, पडदा न लावता, हॉलमधल्या सगळ्यांना दिसेल असं. पुण्याहून फोनवर फोन आले होते. तिनं सांगितलं, "सर, मी घरी बोलले. करार मोडला. ती माझी चूक. तुम्ही मला काढू शकता." तो म्हणाला, "काढून काय होणार? पसरलंय ते पसरलंय." मग त्यानं तिला काय करायचं ते सांगितलं. वडिलांशेजारी बसून एक व्हिडिओ करायचा. म्हणायचं, खेळात असा काही दोष नाही. पप्पांचं वय झालंय, त्यांना नीट ऐकू येत नाही, काहीतरी मनाचं बोलले. एवढं केलं तर नोकरी राहील, आणि रिलीजनंतर तिला कायम करायचं बघू.

आमचे हे म्हणाले, "मग करून टाक की. दोन वाक्यं आहेत. कोण बघतं?"

"काका, हत्ती पडतो."

"अगं पडू दे. खेळातला हत्ती."

"खेळातला हत्ती, पण पप्पा खरे आहेत ना? त्यांना बहिरं म्हणू? वेडं म्हणू? ते देवापुढं उभं राहून बोललेत. ते खोटं होतं असं मी जगाला सांगू?"

हे वाईट माणूस नाहीत, यांना फक्त कटकट नको असते. मी तव्यावर पाणी शिंपडलं आणि म्हटलं, "लिडिया, तू व्हिडिओ करणार नाहीस. उद्या चांगली पोळी खाऊन जा आणि तसं तोंडावर सांग." मला तेव्हा फार धीट वाटलं. पण जायचं तिला होतं, मला नव्हतं.

तिनं सांगितलं. त्यावर रविराज ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिचा कॉम्प्युटर काढून घेतला आणि तिला हॉलच्या दाराबाहेर, जिन्याच्या डोक्यावर एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. म्हणाला, "विचार कर. झाला की सांग." हजेरी सकाळी लागायची, संध्याकाळी उठायचं. हातात काही काम नाही, मोबाईल कपाटात. समोर भिंत. येणारे-जाणारे तिच्या गुडघ्यांना वळसा घालून जायचे. आत सगळ्यांना बजावलेलं, तिच्याशी बोलायचं नाही.

ही शिक्षा मी ओळखते. आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे, पण ती लहान पोरांना. पंचविशीतल्या, पदवी घेतलेल्या मुलीला जिन्यात बसवून तुम्ही काय शिकवता? ती घरी यायची तेव्हा नळाखाली पाय धुवत उभी राहायची. मी म्हटलं, सोड ती नोकरी. तर म्हणाली, "मी सोडली तर म्हणतील, चोरून बोलली म्हणून पळाली. त्यांनी काढावं. आणि कशासाठी काढलं ते लिहून द्यावं." आदिनाथ म्हणून एक टवाळ पोरगा होता तिच्या हॉलमध्ये, बोलायची बंदी झाल्यापासून तो जिन्यातून जाताना भिंतीशी बोलायचा. "काय भिंतबाई, जेवल्या का? राजनंदिनीनं शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, धक्का लागून सांडली तर माझा दोष नाही." आणि डबा खुर्चीजवळ ठेवून आत जायचा. या पोरांवर माझा राग नाही. त्यांनी केलं तेवढं केलं.

शनिवारी यशयाभाऊंचा फोन आला. "उद्या इकडं उपासनेला या. लिडियाला आना."

मी म्हटलं, "काही खास?"

"न्हाई. या."

आवाज कसासाच होता. लिडियाला जिन्यात बसवल्याचं आम्ही त्यांना कळवलं नव्हतं. रविवारी लिडियानं हॉलवर जायचं टाळलं, तसंही तिथं तिची खुर्चीच वाट बघत होती, आणि आम्ही तिघं पुणतांब्याला गेलो.

चर्चबाहेर एक पांढरी गाडी उभी होती. लिडिया ती पाहून थांबली. आत गेलो तर शेवटच्या बाकावर रविराज, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मोबाईल. आमच्याकडं पाहून त्यानं हात जोडले. नीट, आदरानं. मला त्याच्या त्या हात जोडण्याचा अजून संताप येतो.

मला तेव्हा काही कळलं नाही. लिडियाला कळलं. ती पुढं जाऊन वडिलांशेजारी बसली आणि हळू आवाजात विचारलं, "पप्पा, ते तुमच्याकडं आले होते?"

"काल आल्ते. पेढे आनले हुते."

"काय म्हणाले?"

यशयाभाऊ समोर वेदीकडं बघत म्हणाले, "माझ्यामुळं तुझं आयुष्य बरबाद व्हतंय म्हनले. तुला जिन्यात बसवलंय म्हनले. मी दोन शब्द बोललो तर तुला परत आत घेतील. बापानं एवढं करू नये का, म्हनले."

म्हणजे बघा. पोरगी खोटं बोलेना म्हणून तो बापाकडं गेला. जिन्यात तिला यानंच बसवलं, आणि तेच जाऊन बापाला सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणी बसवलं आणि हा बिचारा वर काढायला आलाय. ज्या माणसाच्या तोंडून जन्मात वाकडं वजन निघालं नाही, त्याला देवाच्या घरात, सगळ्या मंडळीपुढं, मोबाईल चालू असताना खोटं बोलायला लावायचं. आणि स्वतः मागं बसून ते नीट झालं का तपासायचं.

लिडिया म्हणाली, "तुम्ही बोलणार नाही."

"तू गप बस," यशयाभाऊ म्हणाले.

विनंत्यांची वेळ आली. पाळकसाहेब म्हणाले, "कोणाची काही विनंती?" यशयाभाऊ उठले. पुढच्या बाकाला धरून उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्या दिवशी मला दुसऱ्या रांगेत नीट ऐकू येईना.

"मंडळी, कापणीच्या सणाला मी एक मागणं मागितलं हुतं. हत्तीचं. तर त्याचं असं हाय..." ते थांबले. खाकरले. "तर माझं वय झालंय. मला ऐकू..."

"पप्पा, बसा," लिडिया म्हणाली आणि उभी राहिली.

"तू बस."

"पाळकसाहेब, मला साक्ष द्यायची आहे."

आमच्याकडं साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढं सांगणं. कोणी मागितली तर पाळक नाही म्हणत नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा यशयाभाऊंकडं पाहिलं, एकदा मागच्या पाहुण्याकडं, आणि म्हणाले, "बोल, बाळ."

ती बाकातून बाहेर आली नाही, वडिलांच्या शेजारीच उभी राहून बोलली. "हत्ती पडतो. मी स्वतः पाहिलाय. मी कळवलं होतं, मला बंद करायला सांगितलं. कामातली गोष्ट मी घरी बोलले, ही माझी चूक आहे. ती मी कबूल करते आणि त्याची शिक्षा मला मिळावी. पण माझ्या वडिलांना चांगलं ऐकू येतं. त्यांनी देवाकडं मागितलं ते खरं होतं. त्यांना कोणी खोटं बोलायला लावू नये, माझ्यासाठी तर नाहीच नाही. एवढीच माझी साक्ष."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या आक्काबाई, मंडळीत सगळ्यांत थोरल्या, मागं वळून म्हणाल्या, "मंग पूल झाला का न्हाई अजून?"

"न्हाई, आजी."

"मंग परत मागू. आमेन."

सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही इतक्या मोठ्यानं म्हटलं की आमच्या ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

रविराज उठून बाहेर गेला. मी अर्पणाच्या गाण्यातून उठून त्याच्या मागं गेले. मी आयुष्यात उपासना अर्धी सोडून कधी बाहेर गेले नव्हते. तो गाडीचं दार उघडून फोनवर बोलत होता. मला बघून फोन बंद केला.

"काकू, तुम्हाला यातलं कळत नाही. या लाईनमध्ये असंच असतं. माझ्यावर पण वरून दबाव असतो. माझी नोकरी गेली तर तुम्ही पोसणार का?"

मी म्हटलं, "तुमच्यावर दबाव आला तो तुम्ही पोरीवर टाकला. ती दबेना म्हणून म्हाताऱ्यावर टाकला. म्हातारा पण दबला नसता तर कोणावर टाकला असता? माझ्यावर?"

"मी नीट बोललो त्यांच्याशी. पेढे घेऊन गेलो."

"ते पेढे नेऊन राजनंदिनीला द्या. आणि तिला काय बोललात ते तुमच्या बहिणीला सांगा एकदा, लग्नाचे फोटो लावलेत ना तिचे."

त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. ख्रिस्ती बाईला असं बरं वाटू नये, पण वाटलं. एवढ्यात लिडिया आली. गळ्यातलं ओळखपत्र तिच्या पर्समध्ये होतं, ते काढून तिनं त्याच्या गाडीच्या टपावर ठेवलं.

तो म्हणाला, "अनुभवाचं पत्र विसरायचं. इथं काम केलं होतंस असं कोणी सांगणार नाही."

"मी सांगेन," लिडिया म्हणाली.

"तुझं कोण ऐकतं?"

तो गेला.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर यशयाभाऊ पोरीला जवळ घेतील. कसलं काय. ते ओट्यावर बसले आणि तिच्याकडं बघेनात. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला.

"मी बोलत हुतो ना? तुला कोनी सांगितलं उठायला?"

"तुम्ही खोटं बोलत होता."

"बोलत हुतो. माझा मी बोलत हुतो. माझं काय, चार दिवस ऱ्हायले. देवापुढं जे व्हायचं ते माझं झालं असतं. तुझं काम ऱ्हायलं असतं."

"त्या खोट्यावर मिळालेल्या जागेवर मी बसले असते का, पप्पा?"

"मग जिन्यात बस," ते म्हणाले. आणि मग तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसत राहिले. मी मध्ये पडले नाही. दोघंही खरे होते, आणि दोघांना असं एकमेकांसमोर उभं करून तिसराच गाडीत बसून निघून गेला होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात. खेळ ठरल्या दिवशी बाजारात आला. आदिनाथ सांगत होता, पूल काही त्यांनी दुरुस्त केला नाही, त्याला वेळ लागला असता. हत्तीच काढून टाकला. आता त्या पुलावरून गाढव जातं. राजनंदिनीनं महिनाभरानं नोकरी सोडली. रविराज तिथंच आहे. लिडियाला लेखी काही मिळालं नाही, ना काढल्याचं, ना कामाचं. पुण्याला दोन ठिकाणी मुलाखत झाली. दोन्हीकडं विचारलं, मधली वर्षं काय करत होतीस? तिनं खरं ते सांगितलं. दोन्हीकडून फोन आला नाही. सध्या ती इथं कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते, आणि अर्ज करत राहते. ती हसते, जेवते, बन्सीच्या थट्टेला उत्तर देते. ती लवकर सावरली, हे मी मान्य करते.

यशयाभाऊ नाही सावरले. त्या दिवसापासून ते विनंत्यांच्या वेळी उभे राहिलेले नाहीत. आम्ही महिन्यातून एकदा पुणतांब्याला जातो. परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी मुद्दाम त्यांचं नाव घेतलं, "यशयाभाऊ, लिडियाच्या नोकरीसाठी मागायचं ना?" सगळे त्यांच्याकडं वळले. त्यांनी बसल्या जागी मान हलवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कुनाला तरी सांगा. माझ्या तोंडानं नको."

अर्धं खोटं त्यांच्या तोंडातून निघालं होतं ना, तेवढ्यापायी. लिडियानं पूर्ण होऊ दिलं नाही, तरी अर्धं निघालं. ज्यांच्या खेळासाठी ते काढायला लावलं ते पुण्यात नवीन खेळ बनवतायत. मग लिडियाची विनंती मी उभी राहून सांगितली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, त्यात आमचे अपराध करणाऱ्यांना आम्ही क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडले नाहीत. शेजारी यशयाभाऊ डोळे मिटून होते. माझे उघडे होते.